टोकन कुठे संपतं? लेक्सरबद्दलच्या प्रश्नांना उत्तर

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: कंपायलरमध्ये (प्रोग्रामचा मशीन कोड करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) वाक्यरचना ओळखणारा पार्सर असताना कोडचे शब्द पाडणारा लेक्सर वेगळा कशाला, टोकन-लेक्सीम-पॅटर्न यांत फरक काय, आणि एनएफए, डीएफए ही पॅटर्न ओळखणारी मर्यादित स्टेट्सची (अवस्थांची) यंत्रं परीक्षेपलीकडे कुठे उपयोगी पडतात. मधला प्रश्न सोपा आहे, तो आधी संपवतो.

समजा सोर्स कोडमध्ये एक ओळ आहे: `उंची१ = रुंदी * ६०`. कंपायलरला सुरुवातीला ही ओळ म्हणजे नुसती एकामागून एक आलेली कॅरेक्टर्स दिसतात. लेक्सर त्यांचे पाच तुकडे करतो आणि स्पेस टाकून देतो. `उंची१` आणि `रुंदी` हे प्रत्यक्ष लिहिलेले तुकडे म्हणजे दोन लेक्सीम. दोघांचा प्रकार एकच, आयडेंटिफायर. हा प्रकार म्हणजे टोकनचं नाव. आणि "अक्षराने सुरुवात, पुढे कितीही अक्षरं किंवा अंक" हा जो नियम त्यांना आयडेंटिफायर ठरवतो, तो पॅटर्न. एवढंच आहे.

प्रत्यक्षात टोकन म्हणजे एक छोटं रेकॉर्ड असतं: प्रकार, लेक्सीम किंवा त्याची किंमत, आणि तो तुकडा कितव्या ओळीत, कितव्या कॉलमवर सुरू झाला ते. नवीन मुलं हे शेवटचं हमखास गाळतात. कृपया गाळू नका. "४७ व्या ओळीत चूक आहे" असं कंपायलर पुढे सांगू शकतो तो याच माहितीच्या जोरावर. लेक्सरने ती टाकून दिली, तर नंतरच्या कुठल्याच टप्प्याला ती परत मिळवता येत नाही.

लेक्सरच्या पुढचे टप्पे थोडक्यात: पार्सर टोकनांचं झाड बांधतो (वरच्या ओळीत `=` मुळाशी, `*` त्याच्या फांदीवर), मग प्रकारांची तपासणी होते, मग मधल्या पातळीवरचा कोड, त्यावर ऑप्टिमायझेशन आणि शेवटी मशीन कोड.

आता लेक्सर वेगळा का? सिद्धांताने बघितलं तर वेगळा नसला तरी चालतं. लेक्सरशिवायचे पार्सर आहेत आणि ते कामही करतात. पण व्याकरण थेट कॅरेक्टर्सवर लिहायला बसलात की पहिल्याच पानावर अडचण कळते. दोन चिन्हांच्या मध्ये कुठेही स्पेस येऊ शकते, नवी ओळ येऊ शकते, कॉमेंट येऊ शकते, आणि हे प्रत्येक नियमात प्रत्येक जागी लिहावं लागतं. व्याकरण वाचण्यासारखंच राहत नाही. दुसरं कारण वेगाचं. फाइलमधलं प्रत्येक कॅरेक्टर हाताळणारा टप्पा साधारणपणे हाच असतो. पुढचे सगळे त्याहून कितीतरी कमी टोकनांवर चालतात. म्हणून इथला लूप साधा आणि वेगवान असावा लागतो. तिसरं कारण कामाच्या स्वरूपाचं आहे. कंसात कंस, त्यात आणखी कंस, ही रचना ओळखायला स्टॅक (शेवटी ठेवलेलं आधी काढायची यादी) लागतो. शब्द ओळखायला तो लागत नाही, मर्यादित स्टेट्सचं यंत्र पुरतं. सोप्या कामासाठी सोपं यंत्र वापरणं शहाणपणाचं.

माझ्या मते हा सगळा विषय एकाच प्रश्नाभोवती फिरतो: टोकन कुठे संपतं? कुठे सुरू होतं ते आपोआप कळतं. आधीचं संपलं आणि मधली स्पेस ओलांडली की पुढचं सुरू. शेवट मात्र ठरवावा लागतो. कंपायलरच्या पुस्तकातली लेक्सरवरची बरीचशी प्रकरणं या प्रश्नाची उत्तरं म्हणून वाचलीत तर ती सुटी सुटी वाटणार नाहीत.

नेहमीचा नियम असा की जितकं लांब टोकन बनू शकतं तितकं बनवायचं. म्हणूनच `<=` दिसलं की ते एक टोकन होतं, `<` आणि `=` अशी दोन नाही. म्हणूनच `इफेक्ट` नावाच्या व्हेरिएबलच्या सुरुवातीला `इफ` दिसलं म्हणून लेक्सर तिथे कीवर्ड (भाषेने राखून ठेवलेला शब्द) कापत नाही. आधी पूर्ण शब्द घेतो, मग तो कीवर्डच्या यादीत आहे का ते बघतो. दोन पॅटर्न सारख्याच लांबीला जुळले, तर पॅटर्नच्या यादीत आधी लिहिलेला जिंकतो. सी भाषेत (तिथे `++` म्हणजे किंमत एकने वाढवणं) `क+++ख` चा अर्थ `क++ + ख` होतो तो याच नियमाने. आणि `क+++++ख` लिहिलंत तर लेक्सर `++`, `++`, `+` असे तुकडे पाडतो आणि कंपायलर ते नाकारतो. खरं तर `क++ + ++ख` असा वैध अर्थ त्यातून निघू शकला असता, पण अर्थ शोधणं हे लेक्सरचं काम नाही. त्याने मागचा-पुढचा विचार न करता लांबात लांब तुकडा घ्यायचा. हा कडकपणा मला आवडतो, कारण त्यामुळे तो काय करेल हे कोणालाही कागदावर सांगता येतं.

एक उदाहरण जवळून बघू. वैज्ञानिक पद्धतीची संख्या `१२ई+५` अशी लिहितात, म्हणजे १२ गुणिले १० चा ५ वा घात. आता इनपुट आहे `१२ई+क`. लेक्सर `१` वाचतो: संख्या, वैध. `२` वाचतो: अजूनही वैध, इथे खूण करून ठेवतो. `ई` आला: घात सुरू झाला असेल, पण इथे थांबलो तर पूर्ण संख्या नाही. `+` आलं: तेच. पुढे `क` आला आणि यंत्र अडकलं, कारण तिथे अंक हवा होता. अशा वेळी लेक्सर चूक दाखवत नाही. तो शेवटच्या खुणेपर्यंत, म्हणजे `१२` पर्यंत मागे येतो, ते टोकन देतो आणि `ई` पासून पुन्हा सुरुवात करतो. मग `ई` आयडेंटिफायर, `+` ऑपरेटर, `क` आयडेंटिफायर. ही "शेवटची वैध जागा लक्षात ठेव, अडकलास तर तिथे परत ये" युक्ती नीट समजली, तर लेक्स किंवा फ्लेक्स या लेक्सर बनवून देणाऱ्या साधनांनी तयार केलेला कोड आतून काय करतो ते समजलं. (सी भाषा संख्यांबाबत वेगळा नियम लावते, त्यामुळे हे उदाहरण तिथे जसंच्या तसं चालवू नका.) ज्या भाषांत `१..१०` ही रेंज असते, तिथेही हाच प्रसंग येतो: `१` नंतरचा डॉट दशांशचिन्ह आहे की रेंजचा पहिला डॉट, हे आणखी एक कॅरेक्टर पुढे डोकावल्याशिवाय कळत नाही.

डोकावणं किती लांबवर जाऊ शकतं याचा नमुना फोर्ट्रानमध्ये आहे. आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने १९५७ मध्ये तिचा कंपायलर दिला. त्या भाषेत स्पेसला काहीच अर्थ नव्हता. `डू १० आय = १,५` हा लूप. पण कॉमाच्या जागी डॉट पडून `डू १० आय = १.५` झालं, तर ते `डू१०आय` नावाच्या व्हेरिएबलला १.५ ही किंमत देणं ठरतं. म्हणजे पहिला शब्द `डू` इथे संपतो की नाही, हे ओळीच्या जवळजवळ शेवटी गेल्यावर कळणार. पुढच्या बहुतेक भाषांनी स्पेसला शब्द तोडण्याचा अधिकार दिला, त्यामुळे आपलं काम खूप सोपं झालंय.

मराठीत व्हेरिएबलची नावं द्यायची असतील तर आणखी एक खाचखळगा आहे. `किंमत` हा शब्द युनिकोडमध्ये क, वेलांटी, अनुस्वार, म, त असा साठवलेला असतो. लेक्सरमध्ये "हे अक्षर आहे का" एवढीच तपासणी ठेवलीत, तर वेलांटी हे जोडचिन्ह असल्याने `क` पाशीच टोकन तुटतं. म्हणून युनिकोडने आयडेंटिफायरच्या सुरुवातीला काय चालतं आणि पुढे काय चालतं, अशा दोन वेगळ्या याद्या दिल्या आहेत. जोडचिन्हं दुसरीत येतात. पायथॉन ३ या याद्या पाळतो, म्हणून तिथे `किंमत` चालतं. पण `६०` ही देवनागरी संख्या पायथॉनच्या सोर्स कोडमध्ये चालत नाही, जरी हेच अंक स्ट्रिंग म्हणून दिले तर त्याचं इंट फंक्शन ते बिनतक्रार वाचतं. माझी वरची उदाहरणं देवनागरीत आहेत ती वाचायला सोपी जावीत म्हणून.

आता एनएफए-डीएफए. पॅटर्न आपण रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे पॅटर्न लिहायच्या ठरलेल्या चिन्हभाषेत, लिहितो. केन थॉम्पसन यांच्या पद्धतीने त्याचा एनएफए (एकाच कॅरेक्टरवर अनेक वाटा असू शकणारं यंत्र) बनतो, आणि राबिन व स्कॉट यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या पद्धतीने त्या एनएफएचा डीएफए. डीएफएमध्ये प्रत्येक कॅरेक्टरला फक्त एक टेबल बघायचं असतं, पर्यायच नसतात. बेल लॅब्जमध्ये माइक लेस्क आणि एरिक श्मिट यांनी १९७५ च्या सुमारास लेक्स लिहिलं, त्यात हीच साखळी आहे. किंमत स्टेट्सच्या संख्येत मोजावी लागू शकते. "शेवटून दहावं अक्षर अ असलेली, फक्त अ आणि ब यांची स्ट्रिंग" यासाठी एनएफएला ११ स्टेट्स पुरतात, डीएफएला किमान १०२४ लागतात. प्रोग्रामिंग भाषांच्या टोकनांत असे पॅटर्न सहसा नसतात, म्हणून हे क्वचितच अंगाशी येतं.

या सिद्धांताचा मोठा उपयोग म्हणजे काय जमणार नाही ते आधीच कळतं. कॉमेंटच्या आत कॉमेंट चालते अशी भाषा घ्या, उदाहरणार्थ रस्ट. आत किती खोल गेलोय ते मोजावं लागतं आणि मर्यादित स्टेट्सना कितीही मोठी मोजणी जमत नाही. तेव्हा रेग्युलर एक्स्प्रेशनशी झटापट करत बसू नका, सरळ एक काउंटर ठेवा. पायथॉनच्या इंडेंटेशनचंही असंच: त्याचा लेक्सर इंडेंटेशनच्या पातळ्यांचा स्टॅक ठेवतो आणि ब्लॉक सुरू झाल्याची व संपल्याची टोकनं स्वतः तयार करून पार्सरला देतो.

सीमारेषा सगळीकडे स्वच्छ नाही, हेही सांगायला हवं. सी मध्ये `क * ख;` हा गुणाकार आहे की पॉइंटरचं (मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलचं) डिक्लेरेशन, हे `क` आधी प्रकार म्हणून जाहीर झालाय का यावर ठरतं, म्हणून पुढच्या टप्प्यातली माहिती मागे लेक्सरकडे आणावी लागते. जावास्क्रिप्टमध्ये `/` हा भागाकार की रेग्युलर एक्स्प्रेशनची सुरुवात, हे मागे काय आलं त्यावरून ठरतं. सी प्लस प्लसमध्ये टेम्प्लेट बंद करणारी दोन `>` चिन्हं चिकटून लिहिली तर लांबात लांब टोकनच्या नियमाने ती `>>` व्हायची. मध्ये स्पेस देण्याची ही सक्ती २०११ च्या मानकाने काढली.

सुरुवात कशी करावी म्हणाल तर आधी हाताने लेक्सर लिहा, फ्लेक्स नंतर. जीसीसी आणि क्लँग या सी भाषेच्या दोन्ही प्रसिद्ध कंपायलरांचे लेक्सर हातानेच लिहिलेले आहेत, तेव्हा हा वेळ वाया जात नाही. गणिती पदावलीपुरता घ्या: संख्या, नावं, चार क्रिया, कंस. उणे पाचला एक टोकन करू नका. `-` आणि `५` वेगळे द्या, नाहीतर `क-५` मध्ये वजाबाकी हरवेल. कीवर्डचं स्पेलिंग चुकलं तर लेक्सर ते पकडणार नाही, त्याच्यासाठी ते एक वैध नाव आहे. ती तक्रार पार्सर करेल. लेक्सरने पकडायच्या चुका मोजक्याच: अनोळखी कॅरेक्टर, बंद न झालेली स्ट्रिंग, मोडकी संख्या. चूक सापडली तर थांबू नका, चुकीचं टोकन म्हणून नोंदवून पुढे जा, म्हणजे एकाच फेरीत सगळ्या चुका दिसतात.

लिहून झाल्यावर पायथॉनचं टोकनाइझ मॉड्यूल एखाद्या छोट्या फाइलवर चालवून त्याची टोकनं बघा आणि आपल्या लेक्सरशी ताडून पाहा. मग रिकामी फाइल, शेवटी नवी ओळ नसलेली फाइल आणि नुसत्या कॉमेंटची फाइल, या तीन द्या. तिन्हींत "इनपुट संपलं" हे टोकन मिळायला हवं, आणि पार्सरने पुन्हा मागितलं तर पुन्हा तेच मिळायला हवं.