सहीआधी आवृत्ती बघ

भयकथांच्या पहिल्या आवृत्त्या जमवायच्या असतील तर लेखकाच्या सहीला भुलू नकोस, आधी कॉपीराइटचं पान उघड. स्टीफन किंगची ‘कॅरी’च घे. डबलडे या प्रकाशकाच्या १९७४ च्या पहिल्या आवृत्तीत तिथे ‘फर्स्ट एडिशन’ छापलेलं असतं आणि पान १९९ वर शिवणीलगत बारीक अक्षरांत ‘पी६’. बुक क्लबची, म्हणजे सभासदांसाठी वेगळी छापलेली प्रत वरवर तशीच दिसते, पण तिच्या जॅकेटवर, म्हणजे बाहेरच्या कागदी वेष्टनावर, किंमत नसते. किंमत असते ती जॅकेटच्या आत दुमडलेल्या फ्लॅपच्या कोपऱ्यात, म्हणून तो कोपरा कापलेला दिसला की विक्रेत्याला खोदून विचार.

मराठीत काम सोपं, ‘प्रथमावृत्ती’ आणि साल बहुधा सरळ छापलेलं असतं. अडचण सह्यांची. भयकथा लिहिणारे नारायण धारप २००८ मध्ये गेले, रत्नाकर मतकरी २०२० मध्ये. त्यामुळे ताज्या शाईची सही दिसली तर हात आखडता घे. ‘अमक्यास सप्रेम’ लिहिलेल्या प्रतीला काही जण नाकं मुरडतात. मला त्याच आवडतात, खोटं करायला जास्त लिहावं लागतं ना!

जुन्या नाशकातल्या वाड्यांतून रद्दी निघते तेव्हा रद्दीवाल्याला आधीच सांगून ठेव. वाचनालयाचा शिक्का असलेली प्रत मात्र सोड. आणि सेलोटेप लावून प्लॅस्टिकचं कव्हर घालायची आपली शाळेतली सवय इथे नको, डाग कायमचा राहतो. पावसाळ्यात कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढ.