सही करण्याआधी

प्रश्न : मुलगी ९ वर्षांची, मराठी शाळेत. रक्तवाढीच्या नव्या औषधाच्या चाचणीसाठी संमतीचा कागद आलाय, कन्नड आणि इंग्रजीत. मला दोन्ही नीट वाचता येत नाही. ‘बाकीच्यांनी सही केली’ म्हणतात. काय करू?
– एक आई, खानापूर तालुका

उत्तर : ताई, समजल्याशिवाय सही करू नका. माहितीपत्रक मराठीत मागा. तो तुमचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे. आणि तुमची सही पुरेशी नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या वयाच्या मुलांचा तोंडी होकारही घ्यावा लागतो. सुईच्या भीतीने ती नको म्हणत असेल तर तिचं ऐका.

शाळेतली जंताची गोळी, अल्बेंडाझोल, ही सरकारी मोहीम. ती खुशाल द्या. चाचणी वेगळी. तिथे बहुतेक वेळा काहींना नवं औषध, काहींना नेहमीचं, आणि कुणाला काय हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. म्हणून विचारा : रक्त किती वेळा काढणार? रात्री त्रास झाला तर फोन कुणाला? चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार मोफत, असं नव्या औषधांच्या चाचण्यांचे २०१९ चे नियम सांगतात. सीटीआरआय, म्हणजे अशा चाचण्यांची देशातली सरकारी नोंदवही; तिथला नोंदणी क्रमांकही मागा. गुरुजी मोबाइलवर तपासून देतील.

माझा संशोधनाला विरोध नाही. मोठ्यांच्या गोळीचे चार तुकडे करून, पुडीत बांधून मुलांना देताना मी दवाखान्यात पाहिलंय. मुलांचा डोस मुलांवरच्या अभ्यासातूनच नक्की व्हायला हवा. फक्त तुम्ही कधीही माघार घेऊ शकता, आणि त्यामुळे मुलीचे नेहमीचे उपचार अडता कामा नयेत. सही केलीत तर कागदाची प्रत घरी ठेवा.