जेडचं खोड बुंध्याशी काळं पडलंय, पानं गळताहेत: झाड वाचवणं आणि त्यातूनच नवी रोपं करणं

ताई, खोड बुंध्याशी काळं आणि मऊ पडलंय, हात लागला की पानं गळतात, आणि सासूबाई रोज तुळशीला पाणी घालताना जेडलाही तांब्याभर घालतात, हे तुम्ही एकाच दमात लिहिलंत. त्यात ऑगस्ट चालू आहे. ही मूळकूज आहे. त्या मुळांवर झाड आता उभं राहणार नाही, पण वरच्या फांद्या अजून हिरव्या आणि टणक असतील तर त्या कापून नवं झाड नक्की होईल. तुमचा दुसरा प्रश्न, रोपं कशी वाढवायची, त्याचंही उत्तर याच कामात आहे.

आधी एक गोष्ट बघून घ्या. नागपुरात नर्सरीवाले ‘जेड’ म्हणून दोन वेगवेगळी झाडं देतात. क्रॅसुला ओव्हाटाची पानं मोठी, जाड, लांबट, काठावर कधी लालसर, आणि खोड राखाडी गुबगुबीत असतं. पोर्चुलाकॅरिया आफ्राची पानं नखाएवढी, गोलसर, आणि काड्या तांबूस असतात. तुम्ही ‘लहान गोल पानं, लालसर दांड्या’ लिहिलंय, म्हणजे तुमच्याकडे बहुतेक दुसरं आहे. दोन्ही मूळची आफ्रिकेच्या दक्षिण भागातली, पण कुळं वेगळी. पोर्चुलाकॅरिया आपला उन्हाळा बराच सोसतं. क्रॅसुला एप्रिल-मेमध्ये रुसून बसतं. हा फरक पुढे पानावरून रोप करताना फारच कामाला येतो, म्हणून आधीच सांगितला.

आता कामाला लागा, उद्यावर टाकू नका, कारण कूज खालून वर चढते. धारदार ब्लेड किंवा कटर सर्जिकल स्पिरिटने पुसून घ्या. काळ्या भागाच्या दोन-तीन बोटं वर काप घ्या आणि कापलेला भाग नीट बघा. मधे तपकिरी ठिपका किंवा कडं दिसलं तर ब्लेड परत पुसून आणखी वर कापा. आतून स्वच्छ, फिकट हिरवं दिसेपर्यंत थांबायचं नाही. झाड अर्धं गेलं तरी चालेल. मग त्या निरोगी भागाच्या बोटभर ते वीतभर लांबीच्या काड्या करा, खालच्या दोन-तीन पेरांवरची पानं काढून टाका आणि काड्या सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी कागदावर पसरून ठेवा.

हे वाळवणं बहुतेक लोक टाळतात आणि तिथेच काडी सडते. कापलेल्या जागी कोरडी खपली धरली पाहिजे. उन्हाळ्यात आपल्याकडे दोन दिवसांत धरते. सध्याच्या दमट हवेत चार-पाच दिवस द्या, क्रॅसुलाची जाड फांदी असेल तर आठवडा. पानं थोडी सुरकुतली तरी घाबरू नका, पाण्याचा साठा पानांतच असतो. पाण्याच्या ग्लासात ठेवूनही मुळं फुटतात, पण ती मुळं मातीत गेल्यावर पुन्हा रुळायला वेळ घेतात. मी तो मार्ग सुचवत नाही.

माती हा आपल्या भागातला खरा प्रश्न आहे. आपली काळी माती कपाशीला उत्तम, जेडला वाईट. ती पाणी धरून ठेवते, भिजली की फुगते, आणि वाळताना भेगा पडून बारीक मुळं तुटतात. नर्सरीतून येणारं रोपही पुष्कळदा अशाच चिकट मातीच्या गोळ्यात असतं. म्हणून दोन भाग जाड रेती, एक भाग बागेची भुसभुशीत माती आणि एक भाग गांडूळखत घ्या. बांधकामावरची कन्हान नदीची रेती चालते, फक्त चाळून बारीक भुकटी फेकायची आणि उरलेली धुऊन घ्यायची. विटांचे बारीक तुकडे मिळाले तर रेतीत निम्मे मिसळा. कुंडी मातीची, लहान, बुडाला भोक असलेली. मोठ्या कुंडीत ओल जास्त दिवस राहते.

काडी दोन पेरं आत जाईल इतकी खोचा आणि आठवडाभर पाणी घालू नका. नंतर थोडं, कडेकडेने. साधारण तीन-चार आठवड्यांनी हलकेच ओढून बघा. अडकल्यासारखी वाटली की मुळं धरली. शेंड्याला नवी पालवी दिसली की नेहमीसारखं पाणी सुरू करा.

पानावरून रोप होतं का, असंही विचारलंय. क्रॅसुलाचं होतं, आणि बघायला फार सुंदर असतं. पान अलगद फिरवून देठाच्या टोकासकट पूर्ण काढायचं, दोन-तीन दिवस वाळवायचं आणि कोरड्या मिश्रणावर नुसतं ठेवायचं. आधी गुलाबी-पांढरी मुळं येतात, मग इवलं रोप, आणि जुनं पान सुकत जातं. धीर लागतो, नजरेत भरण्याजोगं रोप व्हायला वर्ष सहज जातं. पोर्चुलाकॅरियाचं पान मात्र पुष्कळदा मुळं धरतं आणि पुढे कोंबच फुटत नाही. तुमची गळलेली पानं जमवण्यात वेळ घालवू नका, काड्याच लावा.

पावसाळ्यात काहीही लावा, लागतं, असं आपल्याकडे सगळेच सांगतात. जास्वंदाला, मोगऱ्याला ते खरं आहे. जेडसाठी माझं ठाम मत आहे की पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या आगेमागे, किंवा फेब्रुवारीत काड्या लावाव्यात. तुम्हाला आत्ता नाइलाज आहे, म्हणून कुंडी छपराखाली, पावसाची झड लागणार नाही अशी ठेवा.

पाण्याला वार ठरवू नका. बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडी असेल आणि खालची पानं किंचित सुरकुतलेली असतील तरच भोकातून निथळेपर्यंत पाणी द्या आणि ताटलीतलं पाणी ओतून टाका. पानं सुरकुतलेली आणि माती ओली असेल तर ती तहान नव्हे. मुळं गेल्यामुळे झाडाला पाणी ओढताच येत नाही. तिथे आणखी पाणी घातलं की संपलं. पिवळट, काचेसारखं पारदर्शक झालेलं पानही जास्त पाण्याचंच लक्षण. सासूबाईंना हे सांगायचं तर कुंडी तुळशीपासून लांब हलवणं सगळ्यात सोपं, म्हणजे सवयीचा हात तिकडे जाणार नाही.

मेमध्ये पारा 45 च्या वर जातो आणि रात्रीही गार होत नाहीत. अशी जाड पानांची झाडं ताणाच्या काळात पानांची छिद्रं दिवसा मिटून रात्री उघडतात, रात्रीच कार्बन डायऑक्साइड घेतात आणि पाणी वाचवतात. रात्रच तापलेली असली की त्यांचं काम मंदावतं. त्या काळात वाढ दिसत नाही म्हणून खत आणि जास्तीचं पाणी घालणं हा अत्याचार आहे. मानेवाड्यातली तुमची गॅलरी पश्चिमेची आहे, म्हणजे एप्रिलपासून मृग लागेपर्यंत हिरवी नेट हवीच; नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, कुंडी तापलेल्या स्लॅबवर न ठेवता विटांवर ठेवा. कूलरच्या थेट झोतातही नको, ती दमट हवा माती वाळू देत नाही. हिवाळ्यात मात्र भरपूर ऊन द्या, आपली थंडी त्याला मानवते.

धनलाभासाठी हॉलच्या कोपऱ्यात ठेवायचं असं कुणी सांगितलं असेल, तर श्रद्धा ठेवा, पण झाडाला उजेड द्या. अंधारात फांद्या लांबुडक्या होऊन लोंबतात. दारापाशी चांगला उजेड येत असेल तर तिथे ठेवायला हरकत नाही.

पेरांत कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने टिपून काढा. बोअरच्या पाण्याने कुंडीवर आणि मातीवर पांढरे क्षार चढतात. साठवलेलं पावसाचं पाणी असेल तर अधूनमधून ते द्या.

मांजराने जेड कुरतडलं तर काय, याबद्दल: पोर्चुलाकॅरिया कुरतडलं तरी काळजी नाही, आफ्रिकेत गुरं आणि हत्तीही ते खातात. पुढे कधी मोठ्या पानांचं क्रॅसुला आणलंत तर ते मांजरापासून उंच ठेवा. खाल्लं तर उलट्या होतात.