ताटलीतल्या न्यूरॉन्सना एएलएस होतो का?

प्रश्न असा आहे: "माझ्या मामेभावाला एएलएस झालाय. रुग्णाच्या त्वचेपासून न्यूरॉन बनवतात, त्यांची वीज मोजतात आणि त्यावरून औषध शोधतात असं वाचलं. ताटलीतल्या पेशींना आजार कसा होईल? आणि यातून खरंच काही हाती लागलंय का?"

न्यूरॉन वाढवणं आणि त्यांची विद्युत नोंद घेणं हे माझं रोजचं काम, म्हणून उत्तर देते. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवते.

एएलएस म्हणजे स्नायू हलवणारे न्यूरॉन (मज्जापेशी), ज्यांना मोटर न्यूरॉन म्हणतात, ते हळूहळू मरत जाण्याचा आजार. प्रयोगशाळेच्या ताटलीतल्या पेशींना तो होत नाही. तो माणसाला होतो. हात उचलत नाही, घास गिळता येत नाही, श्वास अपुरा पडतो. पेशींमध्ये दिसतो तो आजाराचा एखादा सुटा गुण. पण तो गुण मोजता आला, की त्याच्यावर औषध घालून काही फरक पडतो का हे बघता येतं. रुग्ण जिवंत असताना त्याच्या मज्जारज्जूतले न्यूरॉन काढून तपासता येत नाहीत, त्यामुळे एवढं मिळालं तरी पुष्कळ.

हे शक्य झालं ते शिन्या यामानाका यांच्यामुळे. २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतल्या पेशी त्यांनी उलट्या वळवून मूळ पेशींसारख्या केल्या, म्हणजे ज्यांच्यापासून न्यूरॉनसकट हव्या त्या पेशी घडवता येतात अशा. २०१२ चं नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत मिळालं. मधल्या काळात, २००८ मध्येच, हार्वर्डच्या केविन एगन यांच्या गटाने एएलएस असलेल्या ८२ वर्षांच्या बाईंच्या त्वचेपासून मोटर न्यूरॉन तयार केले होते.

आता वीज मोजण्याबद्दल. ताटलीच्या तळालाच बारीक इलेक्ट्रोडची जाळी असते. जुन्या, सर्रास वापरल्या जाणाऱ्या रचनेत साधारण ६० इलेक्ट्रोड, प्रत्येक १० ते ३० मायक्रॉन रुंद. त्यावर चिकटवणारा लेप देऊन पेशी पेरायच्या, ३७ अंशांवर ठेवायच्या आणि वाट बघायची. उंदराच्या पिल्लांचे न्यूरॉन आठवड्याभरात कुजबुजायला लागतात, दोन-तीन आठवड्यांत सगळी ताटली एकदम चेतते आणि एकदम थांबते, त्याला आम्ही बर्स्ट म्हणतो. माणसाच्या न्यूरॉन्सना कितीतरी जास्त वेळ लागतो. संशोधनाची बातमी वाचताना हा वेळ कुणी धरत नाही.

न्यूरॉन चेतला की विजेचा एक क्षणिक झटका उठतो, तो स्पाइक. पेशीच्या आत एका स्पाइकला व्होल्टेज सुमारे १०० मिलिव्होल्टनी बदलतं. बाहेरच्या इलेक्ट्रोडपर्यंत त्यातले काही दहा, फार तर काही शे मायक्रोव्होल्ट पोचतात. म्हणजे साधारण हजारावा हिस्सा. भिंतीला कान लावून शेजारचं भांडण ऐकावं तसा हा प्रकार: आवाज चढलाय हे कळतं, कशावरून ते कळत नाही. त्यात घरगुती वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची गुणगुण असतेच. इनक्युबेटरचं दार उघडं राहिलं की पेशी थंड पडतात आणि आकडे बदलतात. नुकतंच मीडियम, म्हणजे पेशींना पोसणारा द्रव, बदललेलं असेल तर नोंद घेण्यात अर्थ नसतो. शेवटी बऱ्याचदा टेट्रोडोटॉक्सिन, म्हणजे पफर माशाचं विष घालून बघतात. पेशीच्या आवरणातली सोडियम आत सोडणारी दारं, म्हणजे सोडियम चॅनेल, बंद झाले की खरे स्पाइक गायब होतात. तरीही जे उरतं, ते स्पाइक नव्हतेच.

भांडणाचं कारण हवं असेल तर पॅच क्लॅम्प करावं लागतं. एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांची ही १९७६ सालची पद्धत, तिला १९९१ चं नोबेल मिळालं. काचेच्या टोकदार नळीने एकेक पेशी पकडायची आणि तिच्या चॅनेलमधून वाहणारा प्रवाह मोजायचा. दिवसभर बसूनही मोजक्याच पेशी हाती लागतात, आणि मान आखडते ती वेगळीच.

काही हाती लागलं का, याचं उत्तर द्यायला मला एकच गोष्ट पुरेशी वाटते. २०१४ मध्ये ब्रायन वेंगर, क्लिफर्ड वूल्फ, एगन आणि सहकाऱ्यांनी हार्वर्डमध्ये इलेक्ट्रोडची जाळी आणि पॅच क्लॅम्प हे दोन्ही प्रकार वापरून दाखवलं, की एसओडी१ जनुकात बिघाड असलेल्या रुग्णांचे मोटर न्यूरॉन निरोगी न्यूरॉन्सपेक्षा जास्त चेतावलेले असतात, म्हणजे जास्त स्पाइक देतात. सी९ओआरएफ७२ आणि एफयूएस या दुसऱ्या जनुकांच्या रुग्णांतही तेच दिसलं. महत्त्वाचं म्हणजे एसओडी१ मधली तेवढी एकच चूक दुरुस्त केलेल्या, बाकी तंतोतंत तशाच पेशींमध्ये हा अतिरेक गेला. न्यूरॉनला शांत करणारा पोटॅशियमचा एक प्रवाह कमी पडत होता. मग त्यांनी रेटिगॅबिन वापरलं. अपस्मारावरचं हे औषध एक प्रकारचे पोटॅशियम चॅनेल उघडं ठेवतं. न्यूरॉन शांत झाले आणि एसओडी१ असलेले जास्त टिकलेही.

हे इथेच थांबलं नाही म्हणून मी सांगतेय. त्याच औषधाची चाचणी ६५ रुग्णांवर झाली आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. दहा आठवडे औषध दिलं. डोक्यावर चुंबकीय स्पंद देऊन मेंदूतले न्यूरॉन किती चटकन चेततात हे मोजलं, तेव्हा दिवसाला ९०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांमध्ये ते चेतणं कमी झाल्याचं दिसलं. ताटलीत दिसलेला गुण माणसातही दिसला आणि त्याच औषधाने बदलला. पण रुग्ण जास्त जगतात का, ताकद टिकते का, हे सांगण्याइतकी ती चाचणी मोठी किंवा लांब नव्हतीच. शिवाय डोळ्याच्या पडद्यावर आणि त्वचेवर निळसर डाग पडण्याच्या तक्रारींनंतर रेटिगॅबिनचा वापर घटत गेला होता आणि २०१७ मध्ये कंपनीने ते बाजारातून काढलंही.

यात एक मेख आहे. २०१५ मध्ये स्कॉटलंडच्या संशोधकांनी टीडीपी-४३ (एएलएसशी जोडलेलं आणखी एक प्रथिन) किंवा सी९ओआरएफ७२ यांच्या जनुकात बिघाड असलेल्या रुग्णांचे न्यूरॉन आठवडेच्या आठवडे मोजले. सुरुवातीला ते अतिचेतावलेले होते, पुढे गप्प होत गेले, आणि ते मेलेलेही नव्हते. मग शांत करणारं औषध कोणत्या टप्प्यावर द्यायचं? मला हा प्रश्न मूळ शोधाइतकाच मोलाचा वाटतो. कितव्या आठवड्यात मोजलं यावर निष्कर्ष पालटत असेल, तर वेळ न सांगितलेला कुठलाही आकडा मी बाजूला ठेवते. आणि हेही बघते, की रुग्ण किती होते. एकाच माणसाच्या पेशी पन्नास ताटल्यांत वाढवल्या तरी माणूस एकच असतो. त्वचेपासून बनवलेले न्यूरॉन वयाने गर्भातल्यासारखे कोवळे असतात आणि एएलएस बहुतेकांना पन्नाशी-साठीच्या आसपास गाठतो, हे तर आहेच.

तुमच्या मामेभावासाठी: रेटिगॅबिन कुठून मिळतं का हे शोधत बसू नका. त्याची जनुकीय चाचणी झालीय का, हे मात्र न्यूरॉलॉजिस्टना नक्की विचारा. बहुतेक रुग्णांच्या घराण्यात हा आजार नसतो, आणि एसओडी१ मधला दोष एकूण रुग्णांपैकी साधारण दोन टक्क्यांतच सापडतो. पण तो निघाला तर त्या जनुकावरच काम करणारं टोफर्सेन हे औषध आहे, पाठीच्या कण्यात इंजेक्शनने देतात, अमेरिकेत २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. ते इथे मिळवायचं कसं आणि खर्च किती, हे पुढचं बोलणं डॉक्टरांशीच करावं लागेल.