आधी मूठ, मग चांगभलं

कोल्हापूर

बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा रंकाळ्यावर तू विचारलंस, "काका, मी सगळं देवावर सोडलंय, मग रात्री झोप का लागत नाही?" आजूबाजूला भेळेच्या गाड्यांची गर्दी होती, तुझा फोन सारखा वाजत होता आणि मला धड उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावरही तुझा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

तुझ्या डोक्यावर काय काय आहे ते मला ठाऊक आहे. चाकणच्या कारखान्यातून बोलावणं आलंय, हजर व्हायची तारीख तोंडावर आलीय आणि इकडे आईच्या तपासणीचा रिपोर्ट अजून यायचाय. त्यात दाखल्यासाठी तीन खेपा झाल्या. एकदा सर्व्हर बंद, एकदा साहेब जागेवर नाहीत, तिसऱ्यांदा वाटेतच गाडी पंक्चर. तू म्हणालीस, असल्या बारीकसारीक गोष्टींत देवाला कशाला ओढायचं? ओढ, बाळा. पंक्चरसुद्धा त्याला सांग. माझी आई चूल पेटली नाही तरी अंबाबाईला हाक मारायची, आणि त्याच दमात फुंकणी हातात घ्यायची.

झोपेचं म्हणशील तर मला असं वाटतं, की तू वाटणी उलटी केलीयस. जे ठरवायचं काम तुझं आहे ते देवावर टाकलंस, आणि जे त्याचं आहे ते उशाशी घेऊन झोपतेस.

मी एकोणिसाव्या वर्षी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात, मोल्डिंगला लागलो; वाळूचे साचे भरायचं काम. आमचे मिस्त्री जोतिबाचे पक्के भक्त. दर चैत्रात सासनकाठीबरोबर डोंगर चढायचे, परत आले की आठ-आठ दिवस कानामागचा गुलाल जायचा नाही. पण कामावर त्यांची पहिली नजर वाळूवर. बेंटोनाइट ही चिकट माती आणि पाणी घालून मळलेली वाळू मुठीत घ्यायचे, गच्च दाबायचे आणि तो गोळा दोन्ही हातांनी मधोमध मोडायचे. कड स्वच्छ तुटली आणि बोटांचे ठसे तसेच राहिले तर वाळू जमली. भुगा झाला तर ओल कमी. तळहाताला चिकटली तर ओल जास्त, म्हणजे आत वाफ कोंडणार आणि कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या मालात, पोकळ्या राहणार. मग साच्याच्या पेटीला तारेनं भोकं पाडायची, वायू निघून जायला. मालात पोकळी ठेवणारा आतला कोर नीट बसलाय का ते वाकून बघायचं. हे सगळं झालं, भट्टीतला चौदाशे अंशांच्या आसपासचा लोखंडाचा रस लेडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, आला, की मिस्त्री म्हणायचे, "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" आणि ओतायला लागायचे.

एकदा मी घाईत वाळू न बघताच पेटी भरली आणि त्यांच्या आधीच मोठ्यानं चांगभलं म्हणून मोकळा झालो. त्यांनी हात वर करून ओतणं थांबवलं. म्हणाले, "पोरा, आधी मूठ बघायची, मग चांगभलं म्हणायचं. न बघता म्हटलंस तर नाव देवाचं खराब होतंय."

मला तेव्हा वाटलं, यांच्या लेखी देव नंतरचा. पुढं कित्येक वर्षं त्यांच्या शेजारी उभा राहिलो तेव्हा लक्षात आलं, वाळू दाबतानाच त्यांचे ओठ हलत असायचे.

आता दुसरी गोष्ट ऐक, ती माझ्या चुकीची आहे. रस ओतला की पुढं काही दिसत नाही. तो वाळूत गडप होतो, रायझरच्या, म्हणजे साच्याच्या वरच्या भोकाच्या, तोंडाशी येऊन थांबतो, आणि आत काय चाललंय ते कळायला वाट नसते. ऑइल इंजिनाचं फ्लायव्हील होतं. जेवणाच्या सुट्टीत कुणी नाही असं बघून मी पेटी वेळेआधी उघडली. मला फक्त बघायचं होतं, बरं आलंय का. बाहेरून घट्ट झालेलं, आतून अजून लाल. उघड्या हवेत एक भाग आधी निवला, दुसरा मागं राहिला, आणि संध्याकाळी आऱ्याच्या मुळाशी केसाएवढी चीर दिसली. चांगला माल भंगारात गेला. वाळू चांगली होती, रस चांगला होता, मला धीर नव्हता.

तू मला चोरून सांगितल्यासारखं सांगितलंस, की अंबाबाईची ओटी भरायला गेलीस तेव्हा पर्समध्ये दोन चिठ्ठ्या होत्या. एकीवर 'पुणे', एकीवर 'घर'. उचललीस, मन मानेना, म्हणून पुन्हा उचललीस. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या देवाला कौल लावत आलेत, माझ्या आजीनंही लावलाय. पण माझं स्पष्ट मत सांगतो: तुझ्या हातात वाळू आहे, ती मुठीत घेऊन बघ. आईला विचार; तिला काय हवंय हे तू गृहीत धरलंयस, विचारलेलं नाहीस. डॉक्टरांना विचार, उपचार लागलेच तर किती दिवस आणि कुणाची सोबत लागेल. पगारातून खोलीचं भाडं आणि जेवण वजा जाता काय उरतं ते कागदावर मांड. कारखान्याला तीन आठवड्यांची मुदत मागणारी चार ओळींची ई-मेल पाठव. ते नाही म्हणतील याची तुला भीती आहे, पण तू अजून मागितलेलीच नाहीस. आणि हे सगळं करताना देवीशी बोलत राहा, मोठ्यानं बोललीस तरी चालेल.

मग ठरव. ठरवलंस की पेटी उघडू नको. रोज रात्री 'बरोबर केलं ना, चुकलं तर नाही ना' हे उकरून बघणं म्हणजे माझं ते फ्लायव्हील. तिथून पुढचं त्याचं आहे.

तू विचारशील, काका, तुमचं सगळं नीट झालं का? नाही झालं. तुझा दादा दोन वर्षांचा असताना आमची फौंड्री बंद पडली, तीन महिन्यांचा पगार अडकला तो अडकलाच. सात महिने मला काम नव्हतं. मूठ बघितली होती, चांगभलंही म्हटलं होतं. तेव्हा मी दर रविवारी जोतिबाला जायचो, आणि येताना पायऱ्यांवर बसून त्याच्याशी भांडायचो. त्या सात महिन्यांचं देणं फेडायला मला चार वर्षं लागली. ते आपल्या वाट्याला का आलं, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही, आणि तुला खोटं सांगणार नाही. एवढं मात्र मी बघितलंय, की त्या दिवसांत दुधाचा रतीब एकदाही बंद झाला नाही. दूधवाल्यानं पैशाचा विषयच काढला नाही. तांब्या उंबऱ्यावर ठेवायचा आणि निघून जायचा. तुझी काकू त्या तांब्याला हात लावायच्या आधी नमस्कार करायची. मी भांडत होतो तेव्हा देव आमच्या उंबऱ्यावर येऊन जात होता, असं मी आज मानतो, मनापासून मानतो.

२०१९ चा पूर तुला आठवतोय, तू तेव्हा शाळेत होतीस. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे इथल्या पोरासोरांना पाठ असतं. आमचं जुनं घर पंचगंगेजवळ. पाणी इशाऱ्याला लागलं तेव्हाच तुझ्या काकूनं ज्वारीची पोती, औषधं आणि घराचे कागद माडीवर नेले. मगच देवापुढं निरांजन लावलं आणि देव्हाराही उचलून वर नेला. शेजारी एकजण म्हणाले, वहिनी, एवढा देवधर्म करता आणि भरवसा नाही? ती म्हणाली, नृसिंहवाडीला पाणी चढलं की पुजारीसुद्धा दत्ताची उत्सवमूर्ती उंचावर नेतात, त्यांचा भरवसा काय कमी आहे? त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. खालची खोली गेली. तीन भिंती नव्यानं बांधाव्या लागल्या. ज्वारी राहिली, ती आम्ही गल्लीत वाटून खाल्ली.

आणखी एक सांगतो आणि थांबतो. गेल्या कितीतरी वर्षांत मी अंबाबाईच्या देवळातला नोव्हेंबरातला किरणोत्सव चुकवलेला नाही. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पितळी उंबरा, मग चांदीचा उंबरा ओलांडतात. पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, अशी परंपरा. ९, १० आणि ११ नोव्हेंबर. पण दर वर्षी तसं होतंच असं नाही. कधी ढग येतात, कधी हवेत बाष्प असतं, कधी वाटेतल्या इमारती आडव्या येतात, आणि किरणं गुडघ्यापर्यंत येऊन विझतात. एका वर्षी मी अगदी पुढं होतो. उजेड उंबऱ्याशी आला, थरथरला आणि गेला. माझ्या शेजारी एक म्हातारी खानापूरकडून आलेली, हातात पिशवी. मला वाटलं ती हळहळणार. तिनं पदर सावरला, हात जोडले आणि अंधारातल्या गाभाऱ्याकडं बघून म्हणाली, "आहे ना आत, बास." मग आरती सुरू झाली, ती मोठ्यानं म्हणायला लागली.

हीच मूर्ती परचक्राच्या काळात वर्षानुवर्षं एका पुजाऱ्याच्या घरात लपवून ठेवली होती. १७१५ च्या दसऱ्याला ती पुन्हा देवळात बसली. मधल्या काळात रिकाम्या गाभाऱ्याला हात जोडून जे लोक गेले असतील, त्यांचा विचार मी बऱ्याचदा करतो.

गुरुवारी रिपोर्ट आहे ना? मी दहाला दवाखान्याच्या दारात थांबतो. तू आईजवळ बस, रांगेत मी उभा राहीन. डबा तुझी काकू देणार आहे, पिठलं आणि भाकरी, आईला आवडतं म्हणून. ई-मेल त्याआधी पाठव.

तुझा,
काका