स्तनाचा कॅन्सर लवकर ओळखणारी नवीन मशीन आलीत म्हणे. गोव्यात आईची थ्रीडी मॅमोग्राफी करून घ्यावी का?

मिळत असेल तर करा. पण आधी सांगा, आईचा जुना मॅमोग्राम (स्तनाचा एक्स-रे) आहे का, आणि त्यात ‘डेन्स’, म्हणजे दाट स्तन, असं लिहिलंय का? गोम तिथे आहे.

आमच्या जाऊबाईंना डिचोलीच्या शिबिरात नर्सबाईंनी आयब्रेस्टएग्झाम लावून तपासलं. ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ योजनेतलं, 2021 साली युवराज सिंगच्या संस्थेसोबत सरकारने आणलेलं, हातात धरायचं यंत्र. किरण नाहीत, दुखत नाही, आत कुठे घट्ट लागतं तेवढं कळतं. डावीकडे लागलं, म्हणून मॅमोग्राम काढला. त्यात गाठ नाही, नुसतं ‘डेन्स’. झालं! त्यांचे मिस्टर, म्हणजे आमचे भावजी, बहारीनहून रोज नव्या मशीनच्या बातम्या फॉरवर्ड करतात. म्हणाले, “मोठ्या मशीनने क्लीन दिलंय, शिबिरातलं खेळणं काय धरून बसता?” चवथ तोंडावर, गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान यायचं होतं, सगळ्यांना पटलं. मला नाही. दाट स्तन मॅमोग्रामवर पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच, तांदळातला पांढरा खडा जणू. सासूबाई “चवथ होऊ दे गो” म्हणत राहिल्या, मी जाऊबाईंना सोनोग्राफीला नेलं. गाठ होती. ऑपरेशन, केमो सगळं झालं, आता बऱ्या आहेत. भावजी अजून म्हणतात, थ्रीडी असतं तर पहिल्याच फटक्यात दिसली असती.

असतीही. टोमोसिंथेसिस, म्हणजेच थ्रीडी मॅमोग्राफी (अमेरिकेत 2011 पासून मान्य), वेगवेगळ्या कोनांतून फोटो घेऊन एकेक थर सुटा दाखवतं. पण फारच दाट असेल तर त्यातूनही गाठ निसटू शकते, सोनोग्राफी किंवा एमआरआय लागू शकतो. एआय मॅमोग्राम वाचतं हेही खरं, स्वीडनच्या चाचणीत डॉक्टरांचं वाचायचं काम 44 टक्के कमी झालं. आणि मुंबईत? दीड लाख बायकांवरची टाटा हॉस्पिटलची चाचणी, 2021 साली छापून आली. प्रशिक्षित बायकांनी नुसत्या हाताने तपासून पन्नाशीपुढच्यांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. ते भावजींनी कधी फॉरवर्ड केलं नाही.

मी डॉक्टर नाही हं. गाठ हाताला लागत असेल तर स्क्रीनिंग सोडा, सरळ सर्जनला दाखवा, बांबोळीला जीएमसी (गोवा मेडिकल कॉलेज) आहेच. अंगाची उष्णता टिपणारा थर्मल कॅमेरा मॅमोग्रामच्या जागी चालत नाही. अमेरिकेत सप्टेंबर 2024 पासून स्तन दाट आहेत की नाहीत हे बाईला लेखी कळवावंच लागतं. इथे रिपोर्ट आईला स्वतः वाचायला द्या, घरातल्या पुरुषमाणसाने वाचून सांगितलेला नको.