शंभर वॅटचा हिशेब लावा, मग लॅमिंग्टन रोडला जा

डोंबिवलीच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ३८, हातात येणारा पगार ९२,००० रुपये, घराच्या कर्जाचा हप्ता ३४,०००, घरखर्च साधारण ४०,०००. बँकेत मुदत ठेवीत १,१०,००० रुपये 'अडीनडीला' ठेवले आहेत. घरी पत्नी, मुलगी आणि आईवडील. लग्नाची, मुंजीची, वडिलांच्या जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेली अशी सगळी छायाचित्रं आणि व्हिडिओ मिळून १.८ टीबी माल जमला आहे. त्यांना टीव्हीखाली मावेल असा छोटा कॉम्प्युटर जुळवायचा आहे. तो चोवीस तास चालेल, फोटो सांभाळेल आणि टीव्हीवर चित्रपट दाखवेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून ८६,४०० रुपयांचं कोटेशन आणलं आहे आणि बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर ते घ्यायचा विचार आहे. त्यांचा युक्तिवाद असा: फोटो ऑनलाइन ठेवायच्या गूगल वनच्या २ टीबी जागेचे वर्षाला ६,५०० आणि ओटीटीचे ९,००० वाचतील, म्हणजे साडेपाच वर्षांत पैसे वसूल. 'बरोबर ना?' असं त्यांनी शेवटी विचारलं आहे.

नाही, बरोबर नाही. पण तुम्ही कोटेशनची यादी आणि विजेचं बिल दोन्ही सोबत पाठवलंत, हे फार चांगलं केलंत. बहुतेक लोक फक्त एकूण आकडा पाठवतात आणि मग मला अंदाजपंचे बोलावं लागतं.

आधी बचतीचा आकडा बघू. ओटीटीचे ९,००० मी सरळ काट मारून टाकतो. कॉम्प्युटर चित्रपट दाखवतो, तो चित्रपट पिकवत नाही. तुमच्या आईंची मालिका आणि मुलीची कार्टूनं जिथून येतात तिथूनच येत राहतील, आणि दोन महिन्यांत घरातल्या दबावाने ती वर्गणी परत सुरू होईल. राहिले गूगलचे ६,५००.

आता वीज. चोवीस तास, वर्षभर चालणाऱ्या यंत्राचं एक सोपं गणित आहे: एक वॅट म्हणजे वर्षाला ८.७६ युनिट. तुमचा महिन्याचा वापर २१० युनिटच्या आसपास आहे, म्हणजे नवीन यंत्र जे युनिट खाईल ते सगळे १०१ ते ३०० च्या टप्प्यात पडतील. बिलाच्या एकूण रकमेला युनिटने भागून दर काढू नका, त्यात पहिले स्वस्त शंभर युनिटही मिसळलेले असतात. वरच्या टप्प्याचा दर, त्यावर वहन आकार, त्यावर १६ टक्के विद्युत शुल्क, असं धरून मी तुमच्यासाठी युनिटला १२ रुपये घेतो. म्हणजे एक वॅट वर्षाला १०५ रुपयांना पडला. शंभर वॅटचा दिवा वर्षभर विसरलात तर साडेदहा हजार.

तुमच्या यादीतलं यंत्र नुसतं बसून असताना माझ्या अंदाजाने ६० वॅटच्या आसपास ओढेल. वर्षाला ५२५ युनिट, म्हणजे सुमारे ६,३०० रुपये. गूगलला द्यायचे ६,५०० वाचवून महावितरणला ६,३०० द्यायचे! निव्वळ बचत वर्षाला दोनशे रुपये. त्या हिशेबाने ८६,४०० वसूल व्हायला सव्वाचारशेहून जास्त वर्षं लागतील. अकबराच्या दरबारात खरेदी केली असती तर आत्ताशी फिटली असती.

हे ६० वॅट आले कुठून, ते बघण्यासारखं आहे, कारण तुमच्या यादीत एका वस्तूने दुसरीला बोलावणं धाडलं आहे. रायझन ७ ५७००एक्स हा प्रोसेसर चांगलाच आहे, पण त्याला अंगचे ग्राफिक्स नाहीत. चित्र दिसायला म्हणून आरटीएक्स ३०५० हे ग्राफिक्स कार्ड आलं. कार्ड आलं म्हणून ७५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, आला. एवढं सगळं छोट्या कॅबिनेटात बसवायचं म्हणून महागडा मिनी-आयटीएक्स, म्हणजे छोट्या आकाराचा, मदरबोर्ड आला. नुसतं कार्ड आणि एसएमपीएस मिळून २४,४०० रुपये होतात, आणि दोन्हींचं तुमच्या घरात काम काय, तर जवळजवळ शून्य. तुमचा टीव्ही आजकालच्या बहुतेक व्हिडिओ फाइल स्वतःच उलगडतो. कॉम्प्युटरने फक्त फाइल पुढे सरकवायची असते. फाइल लहान करून द्यायची वेळ क्वचित येते, कुणी बाहेरून मोबाइलवर बघत असेल तेव्हा, आणि ते काम इंटेलच्या साध्या चिपमधला अंगचा भागही आरामात करतो.

एसएमपीएसबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण दुकानात 'साहेब, पुढे अपग्रेड करायचं झालं तर?' हे वाक्य हमखास येतं आणि आपला माणूस तिथे विरघळतो. वीज कमी वाया जाते असं सांगणारा ८० प्लस गोल्डचा शिक्का २०, ५० आणि १०० टक्के भारावरच्या चाचणीवर मिळतो. तुमचं यंत्र ७५० पैकी ६० वॅट घेणार, म्हणजे आठ टक्के. तिथे तो सोनेरी शिक्का काहीही हमी देत नाही. तीन माणसांच्या घरात गावजेवणाचं पातेलं चढवून गॅस वाचतो का?

आणि सगळ्यात मला खटकलं ते वेगळंच. ८६,४०० च्या यादीत ४ टीबीची डिस्क एकच आहे. म्हणजे ज्या फोटोंसाठी हा सगळा खटाटोप, ते एकाच फिरत्या तबकडीवर राहणार, आणि गूगलची प्रतही तुम्ही बंद करणार. आजच्यापेक्षा तुमचे फोटो जास्त धोक्यात जातील, तेही ८६,००० खर्चून. माझी स्वतःची डिस्क काही वर्षांपूर्वी एका सकाळी टकटक करत गेली. आतला माल काढून द्यायला दुरुस्तीवाल्याने जी रक्कम सांगितली त्यात तेव्हा दोन नव्या डिस्क आल्या असत्या, आणि तरीही निम्मेच फोटो परत मिळाले. तेव्हापासून मी कुणालाही कॉम्प्युटरआधी डिस्कचंच विचारतो.

दोन डिस्क एकाच डब्यात घालून एकीची नक्कल दुसरीवर ठेवणं, म्हणजे रेड, हाही तुमच्यासाठी उपाय नाही. एक डिस्क मेली तरी दुकान बंद पडू नये यासाठी ती सोय असते. तुमचं दुकान दोन दिवस बंद राहिलं तर काही बिघडत नाही. पण चुकून फोल्डर पुसलं, विजेचा झटका आला, घरात पाणी शिरलं, तर दोन्ही प्रती एकदमच जातात. कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला २६ जुलै २००५ ची आठवण करून द्यायला नको. दुसरी प्रत दुसऱ्या घरात हवी. तुमची बहीण नाशिकला असते असं पत्रात आहे. तिच्या कपाटात एक डिस्क राहू द्या, दिवाळीला आणि मे महिन्यात ती आणून नवा माल चढवा आणि परत पाठवा. त्या डिस्कला कुलूप, म्हणजे एन्क्रिप्शन, तेवढं लावा आणि पासवर्ड पत्नीलाही सांगून ठेवा.

मग घ्यायचंच झालं तर काय घ्यावं? इंटेल एन१०० चिप आधीच बसवलेला मिनी-आयटीएक्स बोर्ड. ही चिप २०२३ मध्ये आली, चार कोअर, नेमून दिलेली ऊर्जा अवघी ६ वॅट. काही बोर्डांना तर लॅपटॉपसारखा अडॅप्टरच लागतो, एसएमपीएसची भानगडच नाही. बोर्ड १२,५००, १६ जीबी रॅम ५,५००, ५०० जीबी एनव्हीएमई (न फिरणारी वेगवान डिस्क) ४,५००, कॅबिनेट आणि अडॅप्टर ५,०००, आत ४ टीबीची एक डिस्क १०,५०० आणि बाहेरची तेवढीच एक १०,५००. एकूण ४८,५००. हे भाव मी तुमच्या कोटेशनच्या पट्टीत धरले आहेत, रॅमचा भाव मात्र त्या दिवशी परत विचारा. २०२५ च्या अखेरीपासून तो भाजीसारखा बदलतो आहे. बोर्ड घेताना साटाची, म्हणजे डिस्क जोडायची, तोंडं मोजा, या वर्गात बऱ्याचदा एक किंवा दोनच असतात, आणि रॅम लॅपटॉपची लागते की डेस्कटॉपची तेही बघा. डिस्क सीएमआर प्रकारचीच मागा, म्हणजे जिच्यावर माहितीच्या रांगा एकमेकींवर चढवलेल्या नसतात. एसएमआरमध्ये त्या चढवलेल्या असतात. एसएमआर डिस्कवर मोठा माल चढवताना ती मध्येच रेंगाळते, आणि २०२० मध्ये खास सर्व्हरसाठी म्हणून विकलेल्या डिस्कमध्येही हे तंत्र न सांगता घातल्याचं उघड झालं होतं.

असं यंत्र डिस्कसकट २० वॅटमध्ये राहील. वर्षाला सुमारे २,१०० रुपये वीज. गूगल पूर्ण बंद करू नका. १०० जीबीची १,३०० ची योजना ठेवा, त्यात कागदपत्रं आणि अगदी जिवाचे फोटो राहतील. म्हणजे ५,२०० वाचले, २,१०० विजेत गेले, उरले ३,१००. त्या गतीने ४८,५०० वसूल व्हायला पंधरा वर्षांवर लागतील आणि त्याआधी डिस्क निदान दोनदा बदलावी लागेल. म्हणजे हेही 'वसूल' होत नाही. ही हौस आहे, आणि हौस म्हणूनच मला ती मान्य आहे. तुम्ही तिला गुंतवणुकीची टोपी घातलीत, तिथेच हिशेब चुकला.

हौसेसाठी पैसे आहेत का, हा पुढचा प्रश्न. तुमचा महिना ७४,००० चा आहे आणि ठेव १,१०,०००. दीड महिना. घरात आईवडील, कमावता पगार एक. पत्नीचं इंटिरियरचं उत्पन्न अनियमित आहे असं तुम्हीच लिहिलं आहे. तीन महिन्यांचे, म्हणजे २,२२,००० होईपर्यंत नवा हप्ता नको. आज पगाराचे ३७ टक्के कर्जात जातात, ७,२०० चा हप्ता वाढला की ते ४५ होतील.

नो-कॉस्टचं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते. दुकानदार सूट देतो, बँक तीच व्याज म्हणून घेते. कार्डावर १६ टक्के दर धरला तर ८६,४०० मध्ये व्याजाचा भाग सात हजारांच्या आसपास येतो, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण १,२७० रुपये, तुमच्या खिशातून जातो. वर प्रोसेसिंग फी. रोखीने घासाघीस केली असती तर जी सूट मिळाली असती, ती गेली ते वेगळंच.

पत्नीच्या व्यवसायाच्या नावावर बिल करून कर वाचेल का, असंही विचारलं आहे. तुमच्या पत्नी अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत, जिला सगळे अजून जुन्या कलमाच्या आकड्याने ४४एडीए म्हणतात, विवरण भरतात. तिथे जमेच्या निम्मा नफा धरताना घसाऱ्यासकट सगळे खर्च आधीच वजा मानलेले असतात. जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे १८ टक्क्यांचा परतावाही नाही. पक्कं बिल वॉरंटीसाठी घ्या, करासाठी नको.

तुमच्याकडे महिन्याला १८,००० उरतात. या महिन्यात त्यातून फक्त बाहेरची ४ टीबी डिस्क घ्या, १०,५००, आणि सगळा माल तिच्यावर उतरवा. हे काम थांबण्यासारखं नाही. २ टीबीची गूगल योजना तोवर चालू ठेवा. उरलेले साडेसात हजार आणि पुढच्या महिन्यांचे अठरा अठरा हजार ठेवीत टाकत गेलात तर नवव्या महिन्यात तीन महिन्यांची तरतूद पूर्ण होते आणि यंत्राचे उरलेले ३८,००० ही हातात असतात, एकाही हप्त्याशिवाय.

आणि या नऊ महिन्यांत तुमचा कपाटातला २०१८ चा लॅपटॉप काढा. त्यातला आठव्या पिढीचा आय५ या कामाला पुरून उरतो. त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स, चित्रपटांसाठी जेलीफिन आणि फोटोंसाठी इमिच टाका, तिन्ही फुकट. बॅटरी फुगलेली नाही ना ते आधी पाहा, आणि झाकण उघडं ठेवून हवेशीर जागी ठेवा. माझ्या एका अशीलाचा लॅपटॉप टीव्हीच्या कपाटात कोंडून पापडासारखा फुगला होता. आईंना रिमोटवरून मुंजीचा व्हिडिओ सापडतो का, मुलगी ते वापरते का, आणि शनिवारची दुपार तुम्ही ते यंत्र दुरुस्त करण्यात घालवायला खुशीने तयार असता का, हे सगळं कळेल. घराबाहेरून फोटो बघायचे असतील तर तुमचा इंटरनेटवाला स्वतंत्र आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, देतो की शेजाऱ्यांसोबत एकच, तेही याच काळात विचारून घ्या. वेगळ्या आयपीला बऱ्याच ठिकाणी महिन्याचे जादा पैसे पडतात.

नऊ महिन्यांनी लॅपटॉप पुरत नाही असं वाटलं तर एन१०० चा बोर्ड घ्या. पुरत असेल तर मला पत्र पाठवा, त्या ३८,००० चं काय करायचं ते बोलू.